सुईचा कैवार

दिवाळीच्या अंकात सुईविषयी लिहू नये असा काही संकेत आहे की काय, मला ठाऊक नाही. नसला तर तो करावा असे पुष्कळांना वाटेल. पुढ्यात चकल्यांचे ताट, अंगणात पोरांचा किल्ला, आणि मांडीवरच्या अंकात इंजेक्शन! तरीही लिहितो आहे, कारण सुईला हल्ली कोणी वाली उरलेला नाही. जो तो तिच्या मुळावर उठला आहे. वर्तमानपत्रांत दर दोन-चार वर्षांनी एक चौकट येते: मधुमेहींना दिलासा, इन्शुलिनची गोळी दृष्टिपथात. मी शाळेत विज्ञान शिकवीत होतो तेव्हा ती गोळी दृष्टिपथात होती. माझे विद्यार्थी बाप झाले, मी निवृत्त झालो, आणि गोळी आपली अजून दृष्टिपथातच उभी आहे. आता तर तिला एक भारदस्त नावही मिळाले आहे: लायपोसोम. या नावावर माझा राग नाही. या नावाच्या आडून जो धंदा चालतो, आणि त्या धंद्याला माझ्यासारखे अर्धवट शहाणे जी साथ देतात, तिच्यावर आहे.

आमचे जळकोट सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावर, नळदुर्गच्या पुढे, तुळजापूर तालुक्यात आहे. (लातूर जिल्ह्यात आणखी एक जळकोट आहे. ते तालुक्याचे गाव असल्याने आमच्यापेक्षा त्याचा तोरा मोठा. ते हे नव्हे.) गेल्या वर्षी नवरात्र तोंडावर आले असताना शेजारची बाई एक बाटली घेऊन माझ्या ओट्यावर आली. तिच्या दहा वर्षांच्या मुलीला तीन वर्षांपासून मधुमेह आहे. तो लहानपणी होणारा, ज्यात शरीर इन्शुलिन तयार करायचेच थांबते. तेव्हापासून ही बाई रोज पोरीला टोचते. स्वतः चौथी शिकलेली, पण सिरिंजवरच्या रेघा ती आमच्या शाळेतल्या काही शिक्षकांपेक्षा बिनचूक वाचते.

"गुरुजी, ह्यावर काय लिवलंय त्ये जरा वाचून सांगा की. भावानं शहरातनं आनलीय. म्हनतो, आता टोचायचं नको."

बाटलीबरोबर एक चकचकीत पत्रक होते. त्यात लिहिले होते की, इन्शुलिनसारखे काम करणारी पेप्टाइडे लायपोसोमच्या कवचात बंद केली आहेत, त्यामुळे पोटातले आम्ल त्यांना शिवत नाही, आणि सकाळ-संध्याकाळ वीस थेंब जिभेवर घेतले की 'सुईपासून मुक्ती'. एका बाटलीची किंमत त्या बाईच्या पंधरा दिवसांच्या मजुरीएवढी होती.

येथे मला माझे पाप सांगितले पाहिजे. लायपोसोम हा शब्द मी वाचलेला होता, आणि वाचलेला शब्द समोर आला की मास्तराच्या जिभेला खाज सुटते. मी तिला सांगितले की, लायपोसोम ही खरी गोष्ट आहे, मोठमोठे शास्त्रज्ञ त्यावर काम करतात, त्यात औषध भरून देतातही. चांगले पाऊण तास व्याख्यान दिले. अखेरीस 'पण डॉक्टरांना विचारल्यावाचून काही बदलू नकोस' असेही म्हणालो. परंतु शेपटाकडे कोण पाहतो? मी म्हणालो 'लायपोसोम खोटा नाही'. तिने ऐकले 'बाटली खोटी नाही'.

घटस्थापनेला तिने सुई अर्ध्यावर आणली, दुसऱ्या दिवशी बंद केली. चौथ्या माळेच्या रात्री तिच्या घरून हाक आली. पोरगी ओकत होती, पोट दुखते म्हणत होती, पाणी कितीही दिले तरी तहान भागत नव्हती. श्वास खोल आणि भरभर चालला होता आणि त्याला नासू लागलेल्या फळासारखा वास येत होता. इन्शुलिन नसले म्हणजे रक्तात साखर तुडुंब असूनही पेशी उपाशी राहतात, शरीर आपली चरबी जाळू लागते, आणि त्या जळणातून निघणारी आम्ले रक्तात साठून माणूस बेशुद्धीकडे जातो. हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. डोळ्यांनी पाहिले त्या रात्री. जीप करून तिला सोलापूरला नेले. शिरेतून सलाइन आणि इन्शुलिन चालू झाले. सुईनेच, अर्थात. दसऱ्याचे सोने तिने इस्पितळाच्या खाटेवर घेतले.

पोरगी वाचली, म्हणून हा लेख लिहिता येतो. यात अर्धा दोष माझा. उरलेला ज्याचा त्याच्या पदरात घालायला हवा, आणि त्यासाठी पोटात काय घडते ते नीट सांगणे भाग आहे. त्या दिवशी ओट्यावर मी जे सांगायला हवे होते, ते हे.

इन्शुलिन हे एक लहानसे प्रथिन आहे. अमिनो आम्लांचे ५१ मणी, २१ मण्यांची एक माळ आणि ३० मण्यांची दुसरी, गंधकाच्या टाक्यांनी एकमेकींत अडकवलेल्या. हा क्रम फ्रेडरिक सँगरने लावून दाखवला आणि त्याबद्दल १९५८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आता आपले जठर लेबल वाचत नाही. पिठल्यातले प्रथिन आणि इन्शुलिन हे त्याला सारखेच. आम्ल प्रथिनाची घडी उकलते, पेप्सिन त्याचे तुकडे करते, आणि जे सुटते त्याचा समाचार पुढे आतड्यात ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन ही मंडळी घेतात. मौज अशी की, ही मंडळी येतात स्वादुपिंडातून, आणि इन्शुलिनही तयार होते ते स्वादुपिंडातच! एकाच घरात एक भाऊ हलवाई आणि दुसरा भाऊ फराळावर ताव मारणारा. दोघांचे जमते ते दारे वेगळी म्हणून: इन्शुलिन रक्तात उतरते, पाचक रस नळीने आतड्यात जातो. फ्रेडरिक बँटिंगची मूळ कल्पना तरी काय होती? कुत्र्याच्या स्वादुपिंडाची ही नळी बांधून टाकावी, पाचक रस करणारा भाग वाळू द्यावा, म्हणजे इन्शुलिनचा घास घेणारा घरचा शत्रू आधीच बाजूला होईल. १९२१च्या उन्हाळ्यात टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी त्या वाटेने सुरुवात केली. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन मिळाले. अर्क पुरेसा शुद्ध नव्हता म्हणून ते फसले, पण जेम्स कॉलिपने तो शुद्ध केल्यावर त्याच महिन्यात मुलगा सावरला. म्हणजे जठर आणि आतडे यांना चुकवणे ही इन्शुलिनच्या जन्माचीच अट होती. सुई ही त्या अटीतून आली. वैद्यांच्या क्रूरपणातून नव्हे.

आता लायपोसोम. दिवाळी आहे, तेव्हा करंजीवरूनच सांगतो. करंजीत सारण आत, पारी बाहेर, कडेला मुरड. लायपोसोममध्ये सारणाच्या जागी औषध आणि पारीच्या जागी लेसिथिनासारखे स्निग्ध पदार्थ. लेसिथिन अंड्याच्या बलकात असते आणि सोयाबीनमध्येही असते. आमच्या शिवारात खरिपाला जे सोयाबीन उभे असते, त्याचे तेल शुद्ध करताना जो चिकट गाळ निघतो, त्यातून ते काढतात. त्याच्या कणाचे डोके पाण्यावर प्रेम करते आणि शेपटी पाण्याला भिते. असे असंख्य कण पाण्यात सोडले की ते शेपटीला शेपटी लावून दुहेरी पदर धरतात, पदर वळतो, आणि त्याची पोकळ गोळी होते. मुरड आपोआप पडते. कातण लागत नाही. माणसाच्या केसाच्या जाडीत अशा शेकडो गोळ्या शेजारीशेजारी मावतील. १९६०च्या दशकाच्या आरंभी केंब्रिजजवळच्या बाब्रहम येथे अ‍ॅलेक बँगहॅम आणि त्याचे सहकारी यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या गोळ्या पाहिल्या आणि १९६४-६५ साली त्यांवरचे निबंध प्रसिद्ध केले. काही दिवस लोक थट्टेने त्यांना 'बँगोसोम' म्हणत. लायपोसोम हे नाव जेराल्ड वाइसमनने सुचवले आणि ते टिकले.

औषध असे पारीत घालावे आणि पेप्सिनच्या हाती लागू न देता आतड्यापार न्यावे, ही कल्पना कोणालाही सुचण्यासारखी आणि खरोखर सुंदर आहे. १९७६ साली लंडनमध्ये पटेल आणि ब्रेंडा रायमन यांनी लायपोसोममध्ये इन्शुलिन भरून मधुमेही उंदरांना तोंडाने पाजले, आणि त्यांच्या रक्तातली साखर उतरली. त्याच वर्षी ग्रेगोरियादिस आणि डॅपरगोलास यांनीही उंदरांत तसेच काही पाहिले. तो आनंद खरा होता. पण पुढे हेच प्रयोग कधी साधले, कधी फसले. एका उंदरात साखर उतरे, शेजारच्यात हलेना. कारण?

कारण करंजी कढईत उकलते. ज्या गृहिणीने एकदा तरी मुरड सैल पडलेली करंजी तळली आहे, तिला हे समजावून सांगायला नको: सारण तुपात पसरते, तूप काळे पडते, आणि हाती पोकळ पारी राहते. आतड्यात नेमके हेच होते. लायपोसोमची पारी स्निग्ध पदार्थाची. आणि स्निग्ध पदार्थ फोडायला निसर्गाने आतड्यात काय ठेवले आहे? पित्त! तूप, तेल, लोणी यांचे कण बारीक करणे हा पित्ताचा पिढीजात व्यवसाय. शिवाय स्वादुपिंडातून असे एक विकर येते की, ज्याचे कामच मुळी लेसिथिनाचा लचका तोडण्याचे. पेप्सिनपासून वाचवण्यासाठी इन्शुलिनला आपण ज्या घरात लपवले, ते घरच पुढच्या वळणावर कोणाचे तरी जेवण आहे. लोण्याची तिजोरी करून ती उन्हात ठेवण्यासारखा हा प्रकार होय.

समजा, पारी तगली. पुढे आतड्याची भिंत आहे. तिच्यावर चिकट द्रवाचा थर, खाली पेशींची रांग, आणि दोन पेशींमध्ये इतकी घट्ट सांधणी की इन्शुलिनएवढ्या कणालाही वाट नाही, मग लायपोसोमसारख्या गलेलठ्ठ पाहुण्याला कोण आत घेतो? हा पहारा ढिला असता तर भाजीबरोबर पोटात गेलेला प्रत्येक जंतू रक्तात उतरला असता. आतड्याचा हट्ट आपल्या भल्याचा आहे.

शास्त्रज्ञ काही हात जोडून बसलेले नाहीत. कोणी पारीला कोळंबीच्या कवचापासून काढलेल्या कायटोसानचा लेप देतो, म्हणजे ती आतड्याच्या भिंतीला चिकटून राहावी. कोणी पित्तातलेच क्षार आधीपासून पारीत मळतो, म्हणजे पित्ताला ती आपल्यातली वाटावी. काट्याने काटा काढण्याची ही युक्ती मला फार आवडते. त्या लोकांना मी नमस्कार करतो. पोटातून शोषले गेलेले इन्शुलिन आधी यकृतात जाईल, म्हणजे जिथे ते निसर्गतः आधी जाते तिथेच, आणि या बाबतीत गोळी सुईपेक्षाही सरस ठरेल, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच की, प्रयोगशाळेतली आशा प्रयोगशाळेत राहिली तर विज्ञान असते. तिला बाटलीत भरून लहान पोरीच्या जिभेवर वीस थेंब टाकले की तो गुन्हा होतो.

कोणी म्हणेल, थोडे वाया गेले तर जाऊ द्या, जास्त पाजा. हिशेब मांडून पाहू. तोंडाने दिलेल्या इन्शुलिनपैकी शेकडा एक भाग रक्तात पोहोचतो, असे धरू. या क्षेत्रात हा आकडा कद्रूपणाचा मुळीच नव्हे. जेवणाआधी दहा युनिट हवे असतील तर हजार युनिट गिळावे लागतील. आपल्याकडची साधी कुपी दहा मिलिलिटरची, दर मिलिलिटरला ४० युनिट, म्हणजे कुपीत ४००. एका जेवणाला अडीच कुप्या! जी आई महिन्याच्या कुपीसाठी तालुक्याला खेपा घालते, तिला हे सांगून पाहा.

आणि खर्च हा लहान मुद्दा आहे. मोठा मुद्दा पुढेच आहे. आज शेकड्याला एक भाग पोहोचला, उद्या पोट रिकामे होते म्हणून दोन पोहोचले, परवा पुरणपोळी झाली म्हणून अर्धाच पोहोचला. म्हणजे आज दहा युनिट, उद्या वीस, परवा पाच. वीस युनिट पोहोचतील त्या दिवशी ती पोरगी शाळेच्या मैदानावर घाम येऊन कोसळेल. इतर अनेक औषधांत कमी-जास्त खपते. इन्शुलिनमध्ये खपत नाही. एक युनिट इकडे की तिकडे याचा विचार ज्या औषधात करावा लागतो, ते औषध पोटाच्या लहरीवर सोपवायचे? सुईने टोचलेलेही दररोज अगदी सारखे शोषले जात नाही, हे खरे. पण त्या फरकात आणि या फरकात ओढा आणि बोरी नदी यांच्या पुराएवढे अंतर आहे.

ज्यांनी इन्शुलिन तोंडाने देण्याचे काम प्रामाणिकपणे शेवटपर्यंत नेले, त्यांचा अनुभव पाहा. या सर्वांनी लायपोसोमहून निराळ्या वाटा धरल्या होत्या, तरी घाट तोच. आपल्या बंगळूरच्या बायोकॉनने तोंडाने घ्यायचे इन्शुलिन भारतीय रुग्णांवरच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत आणले. २०११ साली निष्कर्ष आले, ठरवलेले मुख्य उद्दिष्ट गाठले गेले नव्हते. डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्कची गोळी तर खरोखर चालली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिने टोचायच्या ग्लार्जिन इन्शुलिनइतकीच साखर उतरवली. तरी कंपनीने ते काम सोडले, कारण एवढे इन्शुलिन गोळीत ओतणे कोणत्याही कारखान्याला परवडण्यासारखे नव्हते. इस्रायलच्या ओरामेडची गोळी जानेवारी २०२३ मध्ये तिसऱ्या टप्प्यात नापास झाली. या तिघांनी आपले अपयश जगापुढे मांडले. बाटलीवाल्याने काय मांडले? पत्रक.

यावर एक हजरजबाबी वाचक मला हटकेल, आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. "गुरुजी, सेमाग्लुटाइड हे पेप्टाइडच ना? त्याची गोळी बाजारात आहे की!" आहे. अमेरिकेत २०१९ साली तिला मान्यता मिळाली, भारतात २०२२ साली ती आली. पण ती कशी घ्यावी लागते ते पाहा. सकाळी रिकाम्या पोटी, अर्ध्या पेल्याहून अधिक पाणी न पिता, आणि पुढे अर्धा तास चहाचा घोटसुद्धा नाही. तिच्यात लायपोसोम नाही. एक वेगळा क्षार आहे, जो गोळीभोवतीचे आम्ल तेवढ्यापुरते मारतो आणि जठराच्या भिंतीतून औषधाला वाट करून देतो. इतके करूनही शंभरातला एखादाच भाग आत जातो. टोचायचे ते आठवड्याला एक मिलिग्रॅम. गिळायचे ते रोज चौदा, म्हणजे आठवड्याला ९८. तरी हे का चालते? कारण हे औषध रक्तात आठवडाभर रेंगाळते. आजचे कमी, उद्याचे जास्त, सरासरीत जिरून जाते. जेवणाआधीचे इन्शुलिन काही तासांचे पाहुणे. त्याला सरासरी ठाऊक नाही. शिवाय ज्या मुलीच्या शरीरात इन्शुलिनच नाही, तिला सेमाग्लुटाइड इन्शुलिनची जागा भरून देऊ शकत नाही. एका पेप्टाइडची गोळी निघाली म्हणून सगळ्यांची निघाली, हे म्हणणे एक मास्तर बरा निघाला म्हणून सगळे मास्तर बरे, असे म्हणण्याइतके धाडसाचे आहे.

मग लायपोसोम काय फुकटच? मुळीच नाही, आणि त्याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे. अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे बुरशीवरचे जालीम औषध. बुरशी मारता मारता ते रुग्णाची मूत्रपिंडेही खाते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात आणि सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, दिल्ली विद्यापीठाचे प्रा. बिमल कुमार बछावत यांच्या साथीने, हे औषध लायपोसोममध्ये बसवले. पारीत बसल्यामुळे मूत्रपिंडांचा ताप पुष्कळ कमी झाला. आपल्या देशात, आपल्या रुग्णांवर तपासलेले, सरकारी मान्यतेपर्यंत नेलेले हे काम. देण्यापूर्वी त्या औषधाची कुपी ध्वनिलहरींच्या यंत्रात पाऊण तास ठेवावी लागे. बाटलीवाल्याच्या वीस थेंबांपुढे ही यातायात केवढी! खऱ्या गोष्टीला अशीच यातायात पडते.

२०२१च्या उन्हाळ्यात कोविडच्या पाठोपाठ काळी बुरशी आली, तेव्हा हे लायपोसोमवाले इंजेक्शन मिळवण्यासाठी महाराष्ट्रभर लोक वणवण फिरले. साठ किलोच्या माणसाला दिवसाला पन्नास मिलिग्रॅमच्या सहा कुप्या लागत, आणि त्या कित्येक दिवस. सोलापूर, लातूर, पुणे, कोठेही फोन केला तरी 'नाही' हेच उत्तर. आणि ही बुरशी धरत होती कोणाला? बहुतेक ज्यांची साखर हाताबाहेर गेली होती त्यांना. पण ध्यानात घ्या, ते लायपोसोम शिरेत जात होते. शिरेत पित्त नाही, पेप्सिन नाही, आतड्याची भिंत नाही. ज्या घरात लायपोसोमची खरी शोभा आहे त्या घराचे दार सुईनेच उघडते. सुईच्या खांद्यावर बसून मोठ्या झालेल्या नावाचा वापर करून सुईचीच नालस्ती करायची, हा कृतघ्नपणा मला सहन होत नाही.

तरी आज बाजारात जिकडेतिकडे 'लायपोसोमल'. क जीवनसत्त्व लायपोसोमल, हळद लायपोसोमल, कांती उजळणारे अमुक लायपोसोमल. क जीवनसत्त्वाला पोटात जायला कवच कशाला हवे? आमच्या आजीच्या आवळ्याला कोणी कवच दिले होते? पैसेवाले घेतात, घेवोत. त्यांच्या खिशाचा कैवार घेण्याची मला गरज नाही. मला भय आहे ते हे नाव शहरातल्या दुकानातून उतरून आमच्या ओट्यावर येते तेव्हाचे. अन्नपूरक म्हणून विकायचे, म्हणजे औषधाइतकी परीक्षा नको. आणि कानात सांगायचे औषध म्हणून, म्हणजे किंमत औषधाहून जास्त. पत्रकाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ होती, मी ती त्या दिवशी वाचली नव्हती: हे उत्पादन कोणत्याही रोगाच्या उपचारासाठी नाही. वर सुईपासून मुक्ती, आणि खाली ही ओळ! ज्याला स्वतःच्या मालावर विश्वास आहे तो अक्षर बारीक करीत नाही.

आता सुईच्या शत्रूंतले आपल्या घरचे. 'इन्शुलिन म्हणजे शेवटचा उपाय', 'एकदा लागली की सवय लागते', 'पोरीची जात, टोचून घेते कळले तर लग्न कसे जमेल'. ही वाक्ये मी शिकल्यासवरल्या घरांत ऐकली आहेत. श्वासाचीही आपल्याला सवय लागलेली आहे, ती कोणी मोडीत नाही. बाटलीवाला या भयाची शेती करतो. नांगरट आपणच करून ठेवलेली असते. आणि सुई तरी कोणती डोळ्यांपुढे आणून लोक भितात? काचेच्या सिरिंजेची, उकळून उकळून बोथट झालेली, पूर्वीच्या डॉक्टरांची. हल्लीची इन्शुलिनची सुई केसासारखी बारीक आणि काही मिलिमीटर लांब; गुलाबाचा काटा तिच्याहून दांडगा.

भांडायचे असेल तर भांडायला जागा खूप आहेत. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि वीज तर केव्हाही जाते. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत राहिल्या पाहिजेत, गोठता कामा नयेत. ज्यांच्या घरी फ्रिज नाही त्यांनी काय करावे? वापरात असलेली कुपी ओल्या मातीच्या मडक्यात ठेवतात. ती आई तेच करते, आणि ते अडाणीपण नव्हे. केनियातल्या दादाब भागातील निर्वासितांच्या छावणीत घरांतले तापमान मोजून जिनिव्हा विद्यापीठ आणि 'सीमांविना डॉक्टर' या संघटनेने २०२१ साली दाखवून दिले की, २५ ते ३७ अंशांत हेलकावे खाणाऱ्या उष्णतेतही वापरातले इन्शुलिन चार आठवडे आपले बळ टिकवते. हे संशोधन एका बाटलीवाल्याच्याही पत्रकात नसते, कारण मडके विकून किती मिळणार? दुसरी गोष्ट सिरिंजेची. ४० युनिटच्या कुपीला लाल टोपणाची सिरिंज, १०० युनिटच्या कुपीला नारिंगी टोपणाची. ही अदलाबदल झाली तर मात्रा अडीचपट चुकते, आणि दुकानदार घाईत असला की अदलाबदल होते. तिसरी शाळेची. मधल्या सुट्टीत त्या पोरीने टोचून घ्यायचे कोठे? मुतारीच्या आडोशाला? एक खुर्ची, एक पडदा आणि एक बाई जवळ असणे, याला कोणत्या निधीची मंजुरी लागते? नागपूरच्या ड्रीम ट्रस्टने गरिबांच्या मुलांना मोफत इन्शुलिन पुरवण्याचे काम उभे केले, ते सुईच्याच भरवशावर. त्या वाटेवर आणखी दहा गावांनी चालावे, तर आपण थेंबांच्या गप्पा मारतो.

ती बाटली अजून आहे. त्या बाईने ती फेकली नाही. पैसे मोजलेली वस्तू आमच्याकडे कोणी फेकीत नाही. थेंब मोरीत ओतले, बाटली धुतली, आणि आता तीत वापरलेल्या सुया टाकते, म्हणजे झाडताना कोणाच्या पायाला लागायला नको. परवा तिच्याकडे करंज्यांना बसलो होतो (मुरड मला अजूनही घालता येत नाही). पोरगी लाटीवरून हिशेब करीत होती, एका करंजीला किती युनिट. आईने पारी किती पातळ लाटली आहे ते बघून मग आकडा ठरवू, असे तिचे म्हणणे पडले.

भाऊबीजेला तिचा मामा पुन्हा येणार आहे. या खेपेस तो त्या थेंबांचा विकणारा गाठून बरोबर आणणार आहे, असा निरोप आहे. त्या गृहस्थाला म्हणे माझ्याशी बोलायचे आहे. अवश्य यावे. चहा मिळेल, चकली मिळेल. येताना एकच कागद आणावा: हे थेंब घेऊन, सुई सोडून, लहानपणीचा मधुमेह असलेले एक तरी मूल वर्षभर धडधाकट राहिल्याचा, आणि तो कोणत्या इस्पितळात कोणी तपासला याचा. मी तो चावडीवर उभा राहून मोठ्याने वाचीन, आणि या अंकाच्या संपादकांकडे पुढच्या वर्षी माफीचा लेख धाडीन. चष्मा पुसून ठेवला आहे.